घरांत आलेला गॅस आणि घरधन्याचें कर्तव्य

शेतकऱ्याच्या घरीं नवी वस्तु आली म्हणजे ती चालवावी कशी हें तो लवकर शिकतो. परंतु तिच्यापासून जपावें कसें हें मात्र तो पुष्कळ वेळां नुकसान सोसल्यानंतरच शिकतो. विहिरीवर विजेचा पंप आला, त्यानें मोटेचे कष्ट वांचविले. पण ओल्या हातानें खटका दाबूं नये हें अंगवळणी पडण्यापूर्वीं किती तरुण गेले, त्याची आठवण गांवोगांव निघते. पिकांवर फवारण्याचीं औषधें आलीं, त्यांनीं कपाशीचें बोंड वांचविलें. पण २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतां करतां विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हां कोठें तोंडास फडकें बांधण्याची गोष्ट लोक मनावर घेऊं लागले. तिसरी अशीच वस्तु म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. ही तर शेतांत नसून घरांत, आपल्या बायकामुलांच्या अगदीं जवळ येऊन बसली आहे. म्हणून तिच्या बाबतींत नुकसान सोसून शिकण्याची रीत परवडणारी नाहीं. ह्या विषयावर आमच्या शेतकरी बंधूंशीं चार शब्द बोलावे असा आमचा हेतु आहे.

हा गॅस आपल्या देशांत फार जुना नाहीं. १९५५ च्या सुमारास तो मुंबईच्या घरांत जळूं लागला. १९६५ सालीं इंडियन ऑइल कंपनीनें आपली पहिली जोडणी कलकत्त्यास दिली. त्यानंतर कित्येक वर्षें टाकी ही शहरांतील नोकरदाराच्या घरची वस्तु होती, व नांव नोंदवून तिची वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. खेड्यांतील गरिबाच्या घरापर्यंत ती पोंचली ती प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेनें. १ मे २०१६ रोजीं उत्तर प्रदेशांत बलिया येथें ही योजना सुरू झाली, आणि तिची आठ कोटींवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजीं आपल्याच मराठवाड्यांत, तेव्हांच्या औरंगाबाद व आतांच्या छत्रपती संभाजीनगर येथें, एका भगिनीस देण्यांत आली. सवातीन वर्षांत आठ कोटी चुलींच्या शेजारीं टाकी जाऊन बसली. एवढा मोठा पालट इतक्या थोड्या काळांत आपल्या स्वयंपाकघरांत पूर्वीं कधीं झाला नसेल. आमच्या गंगाखेड तालुक्यांतील राणीसावरगांवाचीच गोष्ट घ्या. आमच्या लहानपणीं ज्याच्या दारांत सरपणाचा ढीग मोठा तें घर सुखी मानीत. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या आणि बाभळीचें लाकूड यांवर बारा महिने भागे. आज बहुतेक घरांपुढें तो ढीग आहेच, पण आंत लाल टाकीहि आहे. ढीगहि आहे आणि टाकीहि आहे, ह्या दोहोंच्या एकत्र असण्यांतच धोक्याचें एक मूळ आहे, तें पुढें सांगूं.

गॅसच्या अपघाताची बातमी आली कीं पारावर बसलेले कांहीं वृद्ध म्हणतात, “आपली चूल बरी, तिनें कोणाचें घर उडविलें नाहीं.” हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. महसूल खात्याच्या नोकरींत असतां जळिताचे पंचनामे आम्हीं आपल्या हातानें लिहिले आहेत. चुलींतील ठिणगीनें छप्पर, कडबा, दाणागोटा व दावणीचीं जनावरें गेल्याचे कागद आमच्या हाताखालून गेले आहेत. शिवाय चूल आणखी एक काम करते, ज्याचा पंचनामा कधींच होत नाहीं. घरांतल्या घरांत कोंडलेल्या धुरापायीं जगांत एका वर्षांत, २०२० सालीं, सुमारें ३२ लाख माणसें मरण पावलीं असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. धूर हळूहळू मारतो व गॅस क्षणांत मारतो, एवढाच भेद. तेव्हां गॅस नको असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, ज्या घरधन्यानें गॅस घरांत आणला त्यानें त्याचें ज्ञानहि घरांत आणलें पाहिजे, आणि तें आपल्यापाशीं न ठेवतां स्वयंपाक करणाऱ्या हातांत दिलें पाहिजे.

प्रथम ह्या वस्तूचा स्वभाव पाहूं. टाकींत प्रोपेन व ब्युटेन नांवाच्या दोन वायूंचें मिश्रण दाबून पातळ करून भरलेलें असतें. तें बाहेर आलें म्हणजे एक लिटर पातळाचा सुमारें अडीचशें लिटर वायु होतो. ह्या वायूस मूळचा रंग नाहीं आणि वासहि नाहीं. गळती कळावी म्हणून त्यांत मरकॅप्टन नांवाचें एक उग्र द्रव्य मुद्दाम मिसळतात, त्याचा वास कुजक्या कांद्याकोबीसारखा येतो. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा वायु हवेहून जड आहे. प्रोपेन हवेच्या दीडपट व ब्युटेन दुप्पट भरतो. म्हणून धूर जसा वर जाऊन धुराड्यानें निघून जातो तसा हा जात नाहीं. तो जमिनीवर पसरतो, उंबऱ्याशीं थबकतो, कोनाकोपऱ्यांत व मोरीच्या खळग्यांत सांचून राहतो.

आपल्या भागांत जोंधळ्याचीं पेवें होतीं तेव्हांची एक चाल वडीलधाऱ्यांस आठवत असेल. पेव उघडल्याबरोबर कोणी आंत उतरत नसे. आधीं दोरीला बांधून पेटता कंदील खालीं सोडीत. तो विझला तर आंत वाईट हवा आहे असें समजून पेव वारा खाण्यास उघडें ठेवीत. ती वाईट हवा म्हणजे कोंडलेल्या धान्याच्या श्वासानें झालेला कर्बवायु. तोहि जड, म्हणून तळाशीं बसे व माणसास गुदमरवी. स्वयंपाकाचा गॅस तसाच तळाशीं बसतो. पण दोहोंत एक भयंकर फरक आहे. पेवांतील हवा दिवा विझवी. हा वायु दिव्यानें पेट घेतो. पेवाच्या तोंडाशीं ज्या दिव्यानें प्राण वांचत, तोच दिवा स्वयंपाकघरांत प्राण घेतो. कांहीं विपरीत वाटलें कीं “उजेड करा, पाहूं काय झालें तें,” ही आपली पिढीजात संवय. गॅसच्या बाबतींत नेमकी तीच घात करते.

किती गॅस गळला म्हणजे भय आहे, ह्याचा हिशेब शेतकऱ्यास समजेल असा मांडूं. हवेंत शंभर भागांस सुमारें दोन भाग हा वायु मिसळला कीं तें मिश्रण पेटण्याजोगें होतें. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच खोली घेतली, तर ती सबंध खोली भरण्यास सुमारें सव्वा किलो गॅस पुरतो. घरगुती टाकींत १४.२ किलो असतो. म्हणजे टाकीचा अकरावा-बारावा हिस्सा. परंतु गॅस सबंध खोलींत सारखा पसरत नाहीं, तो खालीं बसतो. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंतच तो सांचला असें धरलें, तर अवघे पाव-तीनशें ग्रॅम पुरे होतात. आणि आपल्या घरांत गुडघ्याच्या खालीं काय काय असतें? जमिनीवरची चूल असते, पाटावर ठेवलेली समई असते, आणि अंथरुणावर निजलेलें मूल असतें.

आतां आमच्या घरीं घडलेली एक गोष्ट सांगतों. ती सांगण्यास संकोच वाटतो, कारण तींत आमची शोभा नाहीं. परंतु दुसऱ्यास उपदेश करणाऱ्यानें आपली चूक आधीं सांगावी हें बरें. दोन वर्षांपूर्वींची पौषांतील पहाट. थंडीमुळें रात्रभर दारें-खिडक्या लावून घेतलेल्या होत्या. आम्ही उठलों व पाणी तापविण्यास सांगावें म्हणून स्वयंपाकघराच्या दारापाशीं आलों. आंत अंधार होता. आमचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला, इतक्यांत मागून सुनेनें आमचें मनगट घट्ट धरलें आणि म्हणाली, “मामा, बटणाला हात लावूं नका. मागें या.” तिनें सासऱ्याचा हात कधीं धरला नव्हता, म्हणून तो धरण्याचें कारण मोठें असलें पाहिजे, एवढेंच त्या क्षणीं आम्हांस उमजलें. वास आम्हांस आलाच नव्हता. तीस वर्षें तपकीर ओढलेल्या नाकास तो यावा कसा? वय झालें म्हणजे नाक मंदावतें व सर्दींत तें बंद होतें, हें प्रत्येक घरांतील वृद्धांनीं ध्यानांत ठेवावें.

पुढें जें झालें तें सर्व तिनें केलें. माजघरांत देवापुढें समई तेवत होती. मधलें दार लावलेलें होतें म्हणूनच आम्ही वांचलों असें म्हणावयाचें. तिनें आम्हांस मुलांना घेऊन अंगणांत जाण्यास सांगितलें व तिच्या सासूनें समई शांत केली. मग तिनें अंधारांतच चांचपून टाकीचा खटका बंद केला, रेग्युलेटर काढून टोपी बसविली, मागचें दार व खिडकी सताड उघडली, आणि टाकी अंगणांत नेऊन उभी केली. आम्ही फक्त उभे होतों. उजाडल्यावर नळी पाहिली, तों टाकीमागें वळली होती तेथें उंदरानें कुरतडलेली. तिच्यावर छापलेलें वर्ष त्या दिवशीं आम्हीं प्रथमच वाचलें. पांच वर्षांची मुदत संपून तीन वर्षें लोटलीं होतीं. शेतसाऱ्याच्या हप्त्यांच्या तारखा आम्हीं तीस वर्षें तोंडपाठ ठेविल्या, दुसऱ्यांच्या थकबाकीच्या नोटिसा लिहिल्या. पण आपल्या घरच्या नळीची मुदत आम्हांस ठाऊक नव्हती.

सुनेला हें कोठें शिकलीस म्हणून विचारलें. २०१७ सालापासून गॅस कंपन्या खेडोपाडीं बायकांच्या सभा घेत असत व त्यांस एल.पी.जी. पंचायत म्हणत. तिच्या माहेरीं अशी एक सभा भरली होती. उज्ज्वला योजनेंत टाकी मिळालेल्या मजूर बायकांसाठीं ती होती, पण ही आपली जाऊन मागें बसली होती. येथें विचार करण्यासारखी गोष्ट आहे. उज्ज्वलेची जोडणी घरांतील स्त्रीच्या नांवें मिळते, म्हणून गॅस कसा वापरावा हें सांगण्यास निदान कोणी तिच्याकडे गेलें. आपल्यासारख्या जमीनजुमला असलेल्या घरांत गॅसचें पुस्तक बहुधा घरधन्याच्या नांवें असतें. टाकी उतरून घेतो तो, पैसे देतो तो, सही करतो तो. आणि दिवसांतून चार वेळां टाकीपाशीं जाते ती त्याची बायको, आई, सून किंवा लेक. ज्याला सांगितलें तो वापरीत नाहीं, आणि जी वापरते तिला कोणी सांगितलें नाहीं. आमच्या घरीं आमच्या पुस्तकानें आम्हांस वांचविलें नाहीं. सुनेनें मागें बसून ऐकलेल्या चार गोष्टींनीं वांचविलें.

आतां आपल्या घरांच्या मांडणींत दोष कोणते, तें पाहूं. पहिला दोष म्हणजे चूल व गॅस एकाच खोलींत. भाकरी चुलीवर आणि चहा गॅसवर, अशी वांटणी पुष्कळ घरांत आहे. टाकी महाग पडते म्हणून ती पुरवून वापरतात, ह्यांत दोष देण्यासारखें कांहीं नाहीं. पण जेथें विस्तव दिवसभर राखेखालीं धुमसत असतो त्याच खोलींत टाकी ठेवणें म्हणजे कडब्याच्या गंजीजवळ आगटी पेटविण्यासारखें आहे. चूल पाहिजे असेल तर ती पडवींत किंवा न्हाणीकडे न्यावी. एका छताखालीं दोघांस नांदवूं नये. दुसरा दोष म्हणजे जमिनीवर मांडलेली शेगडी. बसून स्वयंपाक करण्याची संवय म्हणून शेगडी टाकीच्या पायाशीं ठेवतात. शेगडी नेहमीं टाकीच्या डोक्याहून उंच, ओट्यावर असावी, आणि टाकी खालीं सपाट जमिनीवर उभी असावी. ती आडवी करूं नये, खळग्यांत किंवा बंद कपाटांत ठेवूं नये. ओटा नसेल तर शहाबादी फरशीचा एक तुकडा व चार विटा एवढ्यांत काम होतें.

तिसरा दोष आपल्या कापूस पिकविणाऱ्या मुलखाचा खास आहे. भाव वाढेल ह्या आशेनें वेंचलेला कापूस आपण घरांतच साठवितों. कित्येक घरांत एक सबंध खोली छतापर्यंत भरलेली असते, आणि तिच्या भिंतीपलीकडे स्वयंपाक चालतो. त्याच घरांत फवारणीच्या यंत्राचें पेट्रोलहि कॅनमध्यें असतें. गॅसचा भडका एका क्षणांत विझला तरी कापसाची आग रात्रभर विझत नाहीं, हें सांगण्याची गरज नाहीं. कापूस व पेट्रोल स्वयंपाकघराच्या शेजारीं ठेवूंच नये. चौथा दोष म्हणजे कोंडलेली खोली. गॅस खालीं बसतो, म्हणून वरच्या झरोक्यावर भागत नाहीं. जमिनीलगत भिंतीस बाहेर उघडणारें एक छिद्र, जाळी बसवून, ठेवलेलें असावें. जाळी एवढ्यासाठीं कीं उंदीर येऊं नये. अमेरिकेंतील खेड्यांत घरोघर प्रोपेन वापरतात. तेथें मोठी टाकी घराबाहेर मोकळ्या जागेंत उभी असते आणि आंत फक्त नळ येतो. आपली टाकी घरांत बसते, म्हणून आपली सावधगिरी त्यांच्याहून अधिक पाहिजे.

टाकी घेतेवेळीं पाहावयाच्या गोष्टी अशा. तोंडावरील सील शाबूत असावें. रिकाम्या टाकीचें वजन तिच्यावरच लिहिलेलें असतें, त्यांत १४.२ किलो मिळवून भरलेल्या टाकीचें वजन जुळतें कीं नाहीं हें कांट्यावर करून घ्यावें. तसें मागण्याचा आपणांस हक्क आहे. टाकीच्या मानेशीं कड्याला जोडणाऱ्या पट्ट्यांपैकीं एकीवर आंतल्या बाजूस एक अक्षर व दोन अंक असतात. ती तिच्या पुढील तपासणीची मुदत होय. ए म्हणजे मार्च, बी म्हणजे जून, सी म्हणजे सप्टेंबर, डी म्हणजे डिसेंबर; ‘बी २७’ असें असेल तर जून २०२७ पर्यंत टाकी चालेल. मुदत उलटलेली टाकी परत करावी. आणणाऱ्यासमोरच टोपी काढून तोंडांतील रबरी वॉशर जागेवर आहे, गळत नाहीं, हें पाहून घ्यावें. ती टोपी दोरीनें टाकीलाच बांधलेली राहूं द्यावी; आमच्या पहाटे ती हातास लागली म्हणून उपयोगीं पडली.

नळी नारिंगी रंगाची, आंत तारेची जाळी असलेली, आय.एस.आय. छापाची असावी, दीड मीटरहून लांब नसावी, मध्यें जोड नसावा, तिच्यावर कापडाची खोळ घालूं नये, आणि पांच वर्षांनीं ती धडधाकट दिसली तरी बदलावी. शेगडी व रेग्युलेटरहि त्याच छापाचे असावेत. बाजारांत स्वस्त मिळतें म्हणून बैलाला कुजका कासरा कोणी बांधीत नाहीं; मग येथेंच काटकसर कां करावी? गळतीची शंका आली तर साबणाचें पाणी लावून पाहावें. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून पाहणें हा मूर्खपणा आहे, आणि तो करणारे लोक अजून आहेत.

शेगडी पेटवितांना आधीं काडी ओढावी, मग खुंटी फिरवावी. उलट करूं नये. स्वयंपाकाच्या वेळीं सुती वस्त्र असावें. नायलॉनचा पदर वितळून अंगास चिकटतो. दूध ठेवून शेजारीं जाऊं नये, कारण उतू गेलेल्या दुधानें ज्योत विझते आणि गॅस मात्र चालूच राहतो. आणि रात्रीं निजण्यापूर्वीं शेगडीची खुंटी बंद करून भागत नाहीं. टाकीवरील खटका बंद केलाच पाहिजे. खुंटी बंद असली तरी नळी भरलेलीच असते, आणि उंदीर काम करतो तें रात्रींच. गोठ्यांतील जनावरें बांधलीं कीं नाहीं हें पाहून मगच घरधनी आडवा होतो. तशीच ही एक फेरी त्यानें आपल्या अंगीं लावून घ्यावी.

वास आलाच तर काय करावें? विजेचें कोणतेंहि बटण दाबूं नये, चालू असेल तें बंदहि करूं नये. दोन्ही वेळां ठिणगी पडते. पंखा लावून गॅस घालवूं नये. फ्रीज आपोआप चालू-बंद होतो हेंहि ध्यानांत असावें. म्हणून विजेचा मुख्य खटका घराबाहेर असेल तर तो बाहेरूनच पाडावा. चूल, समई, उदबत्ती असेल ती विझवावी. टाकीचा खटका बंद करून टोपी लावावी, दारें-खिडक्या उघडाव्या, मुलाबाळांस बाहेर काढावें, आणि फोन करणें तो घरांतून नव्हे, दूर अंगणांत जाऊन करावा. गॅस गळतीसाठीं १९०६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. टाकीच्या तोंडाशीं लहानशी ज्योत लागली असेल व हात पोंचत असेल तर ओल्या पोत्यानें ती दाबून खटका बंद करतां येतो. ज्योत मोठी असेल तर टाकी, धान्य, दागिने सर्व सोडून बाहेर पडावें. भाजलेल्या माणसावर शाई, तेल, हळद किंवा दांत घासण्याची पेस्ट लावूं नये. वीस मिनिटें स्वच्छ गार पाणी वाहूं द्यावें, स्वच्छ फडक्यांत गुंडाळावें, व १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी.

लग्नकार्याविषयीं स्वतंत्र बोललें पाहिजे, कारण तेथें पांच-दहा टाक्या एकत्र येतात आणि जबाबदार मनुष्य मात्र एकहि नसतो. ८ डिसेंबर २०२२ रोजीं राजस्थानांत जोधपूर जिल्ह्यांतील भुंगरा गांवीं एका लग्नघरांत वऱ्हाड निघण्याच्या गडबडींत टाकी गळून आग लागली व तीसांहून अधिक माणसें गेलीं; एका घराचें मंगल कार्य सबंध गांवाचें सुतक झालें. त्यापूर्वीं ६ डिसेंबर २०२० रोजीं आपल्या मुंबईंत लालबाग येथील एका इमारतींत सकाळच्या वेळीं गळलेल्या गॅसचा भडका उडून अनेक माणसें भाजलीं व त्यांपैकीं कित्येक पुढें दगावलीं. गांव असो वा शहर, कारण एकच. लग्नाचा स्वयंपाक मंडपाबाहेर, उघड्यावर व्हावा. भरलेल्या टाक्या भट्टीपासून दूर, सावलींत उभ्या ठेवाव्या. कोणत्या टाकीस कोण हात लावील हें आधीं ठरवावें. आणि मोठ्या टाकींतून लहान टाकींत गॅस भरून घेण्याचा चोरटा धंदा जेथें चालतो तेथें आपल्या पोरांस पाठवूं नये. आपल्या परभणीचा वैशाख सर्वांस ठाऊक आहे. तापलेल्या पत्र्याखालीं किंवा उन्हांत टाकी ठेवणें सर्वथा टाळावें.

एक गोष्ट कागदाची, कारण आयुष्य आमचें कागदांत गेलें. अधिकृत ग्राहकाच्या घरीं गॅसचा अपघात झाला तर तेल कंपन्यांनीं काढलेला विमा आहे, आणि त्याचा हप्ता ग्राहकास भरावा लागत नाहीं. मृत्यु झाल्यास प्रत्येक माणसामागें ६ लाख रुपये, उपचारासाठीं प्रत्येकीं २ लाखांपर्यंत, व नोंदलेल्या पत्त्यावरील मालमत्तेच्या नुकसानीसाठीं २ लाखांपर्यंत, असें त्याचें स्वरूप सरकारनें संसदेंत सांगितलेलें आहे. त्यासाठीं अपघात होतांच वितरकास लेखी कळवावें, पोलिसांत नोंद करावी व तिची नक्कल घ्यावी. पुस्तक दुसऱ्याच्या नांवें, टाकी उसनी, नळी बिनछापाची असें असेल तर दावा अडचणींत येतो. म्हणून नळी व शेगडीच्या पावत्या सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर एका पिशवींत ठेवाव्या. तथापि सहा लाखांनीं कोणाचीहि लेक परत येत नाहीं, हेंहि विसरूं नये.

शेवटीं आमच्या संस्थेस व गांवोगांवच्या सभासदांस आमची एक सूचना आहे. बियाणें व खतें यांविषयीं आपण सभा भरवितों, तशी वर्षांतून एक सभा, दिवाळीपूर्वीं, कापूस घरांत येण्याच्या आधीं, गॅसविषयीं भरवावी. आणि ती पुरुषांची नव्हे, घरच्या बायकांची असावी. जवळच्या वितरकाकडून माहितगार माणूस बोलवावा. रिकामी टाकी, टोपी, वॉशर व नळी हातांत देऊन प्रत्येकीकडून अंधार करून तें काम करवून घ्यावें, कारण प्रसंग अंधारांतच येतो. सभासदांनीं त्या दिवशीं आपापल्या नळीवरील वर्ष वाचून यावें. ज्यांचें उलटलें असेल त्यांच्या नळ्या संस्थेमार्फत एकत्र आणवाव्या. ह्या कामास खर्च फार नाहीं. एका फवारणीहून कमी.

जळिताच्या पंचनाम्यांत ‘आगीचें कारण’ असा एक रकाना असे. त्यांत आम्हीं आपल्या हातानें कितीतरी वेळां ‘अकस्मात्’ असा शब्द लिहिला आहे. पंचांस तो सोयीचा, घरधन्यास तो सोयीचा, आणि आम्हांसहि तो सोयीचा होता. त्या पौषांतल्या पहाटेनंतर तो शब्द आम्हांस खोटा वाटूं लागला आहे. सुनेनें मनगट धरलें नसतें तर आमच्या घराच्या पंचनाम्यांतहि कोणीतरी तोच शब्द लिहिला असता. परंतु नळीवरील वर्ष तर आठ वर्षें आमच्या डोळ्यांपुढें छापलेलेंच होतें. वाचकांनीं हा अंक खालीं ठेवल्यावर आधीं उठून आपल्या नळीवरील वर्ष पाहावें, आणि तें पाहतांना घरच्या लक्ष्मीस शेजारीं बोलावून घ्यावें, एवढीच आमची विनंति आहे.